एलएल.बी. (तीन वर्षांची आणि पाच वर्षांची)

भारतात वकिलीची सनद घ्यायला लागणारी कायद्याची पदवी दोन वाटांनी मिळते: ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं, नाहीतर बारावीनंतर सलग पाच वर्षं. सनदेपुरत्या दोन्ही सारख्याच, नंतरची बार कौन्सिलची (वकिलांच्या नियामक संस्थेची) परीक्षाही दोघांना एकच. तरी कोणती वाट धरायची यावर दरवर्षी जूनमध्ये घराघरात वाद.

तीन वर्षं हा आकडा वाटतो तितका जुना नाही. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं, न्या. रानडे १८६६ ला एलएल.बी. झाले, टिळक १८७९ ला, पण तीन वर्षांची सक्ती आली ती १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातून. त्याच्या कलम २४ मध्ये १२ मार्च १९६७ ही तारीख आहे, तिच्यानंतर पदवी घेणाऱ्याला तीन वर्षांचा कोर्स हवा, मात्र १९६७-६८ किंवा त्याआधी कोर्स सुरू केलेल्यांना दोन वर्षांवरही सनद, म्हणजे सवलत ठेवूनच नियम केला.

पाच वर्षांच्या कोर्सचं श्रेय बहुतेक ठिकाणी कायद्याचे प्राध्यापक माधव मेनन आणि बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलला दिलेलं असतं, तिथली पहिली बॅच १९८८ ची. पण बार कौन्सिलने हा विचार साधारण १९८२ च्या सुमारासच पुढे आणला होता, त्यामुळे बंगळुरूने कोर्स गाजवला असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. तीन वर्षांचा कोर्स त्यातून बंद होईल असं तेव्हा अनेकांना वाटलं, तसं काही झालं नाही.

महाराष्ट्रात पाच वर्षांच्या पदवीची नावंही वेगळी, मुंबई विद्यापीठात बी.एल.एस. एलएल.बी. आणि पुण्यात बी.एस.एल. एलएल.बी., बाकी बी.ए., बी.बी.ए. वगैरे जोड्या आहेतच. प्रवेश सीईटीने, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत (मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर) क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेने.

निवड करताना फीशिवाय आणखी एक गोष्ट बघावी, जी माहितीपत्रकात सहसा ठळक नसते. २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या कोर्समधून मध्येच पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही, म्हणजे तिसऱ्या वर्षी मन उडालं तर हातात बी.ए. सुद्धा नाही. तीन वर्षांवाल्याकडे आधीची पदवी असतेच, बी.कॉम. किंवा इंजिनीअरिंग झालेल्याला टॅक्स, पेटंटच्या कामात ती उपयोगी पडते. उलट बारावीतच पक्कं ठरलेलं असेल तर पाच वर्षांवाला एक वर्ष आधी मोकळा होतो. नोकरी सांभाळून करू म्हणणाऱ्यांनी हजेरीचा नियम आधी वाचावा, आणि पत्राचाराने केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही.

न्यायाधीश व्हायचं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षं वकिली पुन्हा बंधनकारक झाली आहे, तेव्हा वाचवलेल्या एका वर्षाचा हिशोब त्यातही धरावा. एलएल.एम., म्हणजे कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं असतं, २०१३ पासून काही ठिकाणी एक वर्षाचंही, वकिलीला ते लागत नाही.