एक सोर्स, दोन बिल्ड: सिमलिंकच्या जुन्या युक्तीची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मागांची मोजणी ठेवणारा आमचा प्रोग्राम दोन ठिकाणी चालतो: ऑफिसातल्या इंटेल पीसीवर आणि मागाशेजारच्या एआरएम बोर्डावर, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर. सोर्स (मूळ कोड) एकच. परवा बोर्डासाठी बिल्ड झाल्यावर ‘मेक क्लीन’ न करता, म्हणजे आधीच्या बिल्डच्या फाइली न पुसता, मी तिथंच पीसीसाठी मेक (बिल्ड करून देणारा प्रोग्राम) चालवलं. बोर्डासाठी बनलेल्या डॉट ओ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) ताज्या दिसल्या, म्हणून मेकनं त्यांना हातच लावला नाही, आणि ते तुकडे जोडणारा लिंकर अडून बसला.

हा स्वभाव मुळातला आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं. ते फाइलची वेळ बघतं. ती कुठल्या प्रोसेसरसाठी बनली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ऐंशीच्या दशकात एकाच संस्थेत व्हॅक्स आणि सन अशी वेगवेगळी यंत्रं आली, नेटवर्कवरून एकच डिस्क सगळ्यांना दिसू लागली, आणि हे दुखणं वाढलं. औषध मात्र तयार होतं. 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सिम्बॉलिक लिंक, म्हणजेच सिमलिंक, आली होती. हार्ड लिंक म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव; तिला एका फाइलसिस्टीमबाहेर जाता येत नाही. सिमलिंक मूळ फाइलचा नुसता पत्ता जपते, त्यामुळे तिला ही अडचण नाही.

एक्स विंडो सिस्टीमच्या (युनिक्सवरच्या खिडक्यांच्या प्रणालीच्या) सोर्ससोबत येणाऱ्या ‘एलएनडिर’ या कमांडनं याचाच फायदा घेतला. ते मूळ झाडाची, म्हणजे सोर्सच्या सगळ्या डिरेक्टऱ्यांच्या पसाऱ्याची, सावली उभी करतं: डिरेक्टऱ्या खऱ्या, फाइली मात्र लिंक. खरी मेख इथंच आहे. डिरेक्टरीचीच लिंक केली, तर डॉट ओ फाइली पुन्हा मूळ सोर्समध्येच जाऊन पडतील.

पुढं ग्नू मेकचा व्हीपाथ (सोर्स दुसरीकडे शोधायची सोय), 1991 चं ऑटोकॉन्फ आणि नंतर सीमेक या बिल्डच्या साधनांनी सोर्सपासून वेगळ्या जागी बांधायची ही सोय बिल्डमध्येच दिली. जीसीसी हा कंपायलर तर स्वतःला वेगळ्या डिरेक्टरीतच बांधा म्हणून सांगतो. पण त्यासाठी प्रोजेक्टची तयारी लागते. सावलीच्या झाडाला मेकफाइलची (मेकला सूचना देणाऱ्या फाइलची) परवानगी लागत नाही. म्हणून मला ते अजून आवडतं.

आमची मेकफाइल जुनीच, म्हणून ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडला आर आणि एस हे पर्याय देऊन दोन सावल्या केल्या. सोर्सचा पत्ता पूर्ण द्यावा लागतो, नाहीतर ते नकार देतं. दुरुस्ती मूळ झाडातच करायची. कारण सावलीत ‘सेड’ला (मजकूर बदलणाऱ्या कमांडला) आय देऊन चालवलं की लिंक जाते आणि तिथं साधी फाइल येऊन बसते.