विमान रद्द करतो कोण, सांगतो कोण

१४ जानेवारी २०२४. दिल्लीत दाट धुके. दिल्ली-गोवा विमानाला तासन्‌तास उशीर झालेला. तो आणखी वाढल्याचे सांगायला उभ्या राहिलेल्या वैमानिकाला एका प्रवाशाने ठोसा मारला. त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान मुंबईला वळवावे लागले आणि प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवताना सगळ्या देशाने पाहिले. घोषणा करणाऱ्याच्या हाती ना धुके होते, ना वेळापत्रक. मार मात्र त्याला बसला.

निर्णय कोणाचा, हे बऱ्याच आधी ठरलेले आहे. १९४४ च्या शिकागो करारातून पुढे आलेल्या नियमांनुसार विमानाबाबत अंतिम अधिकार कॅप्टनचा. इंधन किती उरले, खाली दिसते किती, हे पाहून विमान कुठे वळवायचे ते तोच ठरवतो. उड्डाण रद्द करण्याचा निर्णय बहुतेकदा कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये होतो. एक फेरी सोडली तर पुढच्या किती वाचतील, याचा हिशेब तिथे चालतो. कधी कंपनीलाही विचारले जात नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. दुरुस्तीसाठी ती १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ बंद राहिली आणि पुण्याची विमानसेवाच थांबली.

प्रवाशाला उत्तर देण्याचे बंधन फार उशिरा आले. २०१० मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, नियम केला: वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले तर पर्यायी विमान किंवा परतावा, शिवाय भरपाई. हवामान, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई नाही. पण कारण हाताबाहेरचे होते, हे आधी सांगणार कंपनीच! खरी गोम इथे आहे, आणि ती अजून सुटलेली नाही.

जानेवारी २०२४ च्या प्रकारानंतर डीजीसीएने कंपन्यांना बजावले, की उशिराची खरी माहिती संकेतस्थळावर आणि मेसेजवर द्या, प्रवाशांशी नीट बोलायला कर्मचाऱ्यांना शिकवा.

तरी डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. ३ डिसेंबरच्या निवेदनात कंपनीने तांत्रिक अडचणी, हिवाळी वेळापत्रक, हवामान आणि गर्दी अशी कारणे दिली. वैमानिकांच्या ड्युटी-विश्रांतीचे हे नवे नियम यादीत सर्वांत शेवटी. दुसऱ्या दिवशी डीजीसीएपुढे मात्र मुख्य कारण हे नियम लागू करण्याच्या नियोजनातली चूक असल्याचे तिने मान्य केले.