वस्तीतला ताण : स्त्रिया आणि पुरुष (बेळगाव सीमाभाग)

दाटीच्या, अपुऱ्या सोयींच्या शहरी वस्तीत जागा, पाणी, मजुरी आणि कर्ज यांपायी माणसावर कायम राहणारे मानसिक दडपण. संयुक्त राष्ट्रांच्या निकषानुसार एका खोलीत ३ पेक्षा जास्त माणसे राहत असतील तर ती दाटी समजतात. बेळगाव, निपाणीकडे ‘ताण’ हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो. पुरुष ‘टेन्शन’ म्हणतात, बायका ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणतात. खोली एकच असली तरी दोघांचा घोर एक नसतो.

निपाणी तंबाखूचे गाव. तिथे विड्या वळणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि काम घरात. मजुरी हजार विड्यांवर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान वळणारीच सोसते. घर हाच कारखाना झाला की सुट्टी होतच नाही. मांडीवर विड्यांचे सूप, चुलीवर भात आणि कान नळाकडे. पाणी येण्याच्या वेळेला तिला घर सोडता येत नाही. संडास सार्वजनिक असेल तर अंधारात जावे लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच कमी पिते. हा ताण अंगावर उमटतो: डोके धरते, छातीत धडधडते, झोप उडते. दवाखान्यात मात्र डोकेदुखीची गोळी मिळते आणि घोर तसाच राहतो.

बेळगावच्या वडगाव, खासबाग भागात यंत्रमाग पुष्कळदा घरातच असतो. मोठी खोली मागाची, उरलेल्या जागेत संसार. साडीला उठाव नसला की माग थांबतो, मजुरीही थांबते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात विणकरांच्या घरांत पाणी शिरले, माग आणि सूत भिजले. ‘कर्त्या पुरुषाने’ खचायचे नाही, ही समजूत त्याला बोलू देत नाही. तो गप्प होतो, चिडतो, दारूकडे वळतो. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूचे विकार पुरुषांत कितीतरी जास्त आढळले, उदासीनता स्त्रियांत अधिक. त्याचा ताण रात्री घरी येतो आणि तिच्या वाट्याला पडतो, हे आकड्यांत दिसत नाही.

कर्जात दोघे एकत्र अडकतात. गटाचे कर्ज बाईच्या नावावर. खर्च अनेकदा मागाच्या दुरुस्तीवर, दवाखान्यावर किंवा लग्नावर. हप्ता चुकला तर गटातल्या शेजारणींना भरावा लागतो, म्हणून सावकारापेक्षा गल्लीतली मान खाली जाण्याची भीती मोठी. वसुलीच्या जाचाविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

मराठी माणसाला आणखी एक अडसर असतो. बाजारात कानडी जमते, पण मनातले सांगायला आईची भाषा लागते, आणि सरकारी कागद कानडीत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत मोफत समुपदेशन मिळते.

मोकळे व्हायच्या जागाही वेगळ्या. पुरुषाला कट्टा आहे, तालीम आहे, मंडळ आहे. बाईला नळावरची रांग, नाहीतर दुपारी दारात चौघीजणी सूप घेऊन बसतात तेवढा वेळ. तिथेही हात चालूच असतात.