रीफ टँकचं पाणी: किती बदलायचं, किती वेळा

रीफ टँकचं, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं, पाणी किती वेळा बदलायचं, या प्रश्नाला दोन ठाम उत्तरं हमखास मिळतात. दर आठवड्याला दहा टक्के, एकदाही चुकवायचं नाही, हे एक. अजिबात बदलू नका, नको ते काढा आणि हवं ते मोजून घाला, हे दुसरं. दोन्ही पद्धतींनी उत्तम चाललेले टँक आहेत आणि दोन्ही पद्धतींनी पार बिघडलेलेही आहेत. पाणी बदलल्याने मुळात एवढंच होतं की टँकमधलं थोडं पाणी जातं आणि त्या जागी नवं येतं. म्हणून हा उपाय कशावर चालेल आणि कशावर नाही, हे साध्या भागाकाराने कळतं.

समजा माशांच्या खाण्यातून आठवड्याला ५ पीपीएम (लिटरमागे ५ मिलिग्रॅम) नायट्रेट वाढतं आणि ते संपवणारं टँकमध्ये दुसरं काहीच नाही. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर नायट्रेट चढत चढत ५० पीपीएमला पोचतं आणि तिथेच घुटमळतं: बदललं की ४५, आठवड्याने पुन्हा ५०. आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा, म्हणजे ५ भागिले ०.१. हिस्सा २० टक्के केला तर नायट्रेट २५ वर थांबेल. आणि महिन्यातून एकदाच २५ टक्के बदललं, तर महिन्याची वाढ २० धरून ८० वर. ‘नियमित पाणी बदलतो, तरी नायट्रेट उतरत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या भागाकारातच असतं. अशा टँकमध्ये खाणं कमी करावं लागतं, किंवा मोठा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), कीटोमॉर्फा शेवाळाचं रेफ्युजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) असं काहीतरी जोडून ती ५ पीपीएमची वाढच खाली आणावी लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. दर आठवड्याला १० टक्के बदलत गेलं तर दहा आठवड्यांत सगळं पाणी नवं होईल, असं वाटतं. तसं होत नाही, कारण दर वेळी आधी घातलेल्या नव्या पाण्याचाही काही भाग बाहेर जातो. दहा बदलांनंतर जुनं पाणी ३५ टक्के उरलेलं असतं, आणि ते १० टक्क्यांवर यायला २२ आठवडे लागतात. हाच न्याय वापरून एकदम मोठा बदल आणि रोजचा छोटा बदल यांची तुलना करता येते. महिन्यातून एकदा ३० टक्के बदललं तर ३० टक्के घाण जाते. रोज १ टक्का असं तीस दिवस केलं तर २६ टक्के. चार टक्क्यांच्या फरकासाठी प्रवाळांना एकदम मोठा धक्का देण्यात फारसा शहाणपणा नाही.

हे गणित नायट्रेटला चपखल बसतं, कारण नायट्रेट पाण्यातच राहतं. फॉस्फेटचं वागणं वेगळं आहे. टँकमधले दगड आणि वाळू बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की दगड आपल्याजवळचा साठा हळूहळू सोडतात. म्हणून २० टक्के पाणी बदलल्यावर संध्याकाळी टेस्ट किट खाली उतरलेला आकडा दाखवतं आणि दोन दिवसांनी आकडा पुन्हा जवळपास जागेवर असतो. जुने, फॉस्फेटने भरलेले दगड असलेल्या टँकमध्ये नुसत्या पाण्याच्या जोरावर ही लढाई जिंकणं खर्चिक पडतं. तिथे लोह-ऑक्साईडचं जीएफओ माध्यम थोड्या प्रमाणात सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवणं जास्त बरं. एकदम भरपूर जीएफओ टाकून फॉस्फेट शून्यावर आणलं, तर प्रवाळ फिके पडतात आणि कधीकधी मरतातही.

आता नेमकी उलट बाजू: जे साचत नाही, संपतं. कठीण सांगाडा बांधणारे प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतात. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप, ते डीकेएच या एककात मोजतात. दर २.८ डीकेएच अल्कलिनिटीमागे सुमारे २० पीपीएम कॅल्शियम लागतं, म्हणजे १ डीकेएचला ७ पीपीएम. अक्रोपोरा या कठीण प्रवाळाने भरलेला टँक दिवसाला १ डीकेएच सहज खातो. आठवड्यात ७ डीकेएच! टँक ८ वर असेल तर सात दिवसांनी १ उरेल, आणि त्याच्या आधीच प्रवाळांची कातडी सोलायला लागलेली असेल. त्याच आठवड्यात कॅल्शियम मात्र ४२० वरून ३७० पर्यंतच उतरतं. म्हणून नुसतं कॅल्शियम तपासून निर्धास्त राहणारे फसतात. तपासायची ती अल्कलिनिटी. या टँकचं १० टक्के पाणी ११ डीकेएचच्या नव्या पाण्याने बदललं, तर भर पडते जेमतेम १ डीकेएचची. एसपीएस टँक (अक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या कठीण प्रवाळांचा) पाणी बदलून ‘भरून काढता’ येत नाही, त्याला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर, काल्कवासर (चुन्याचं पाणी) किंवा टू-पार्ट डोसिंग (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन वेगळी द्रावणं मोजून घालणं) लागतंच.

मऊ प्रवाळांचं तसं नाही. लेदर, मशरूम, झोअँथिड यांच्या टँकमध्ये खप मुख्यतः दगडावरच्या जांभळ्या कोरलाइन शेवाळाचा असतो, आणि तो दिवसाला ०.१ डीकेएच इतका कमी असू शकतो. दर आठवड्याला २० टक्के पाणी, ११ डीकेएचचं मीठ वापरून बदललं, तर अल्कलिनिटी बदलाआधी ७.५ आणि बदलानंतर ८.२ अशी राहते. डोसिंग पंप नाही, बाटल्या नाहीत. ५० लिटरच्या नॅनो टँकला २० टक्के म्हणजे १० लिटरची एक बादली. इतक्या छोट्या टँकसाठी याहून सोपी पद्धत नाही, आणि नवख्या माणसाला आम्ही हीच सुचवू.

मग मोठ्या, डोसिंगवर चालणाऱ्या टँकमध्ये पाणी बदलायचंच कशाला? इथे टू-पार्टचा एक छुपा परिणाम आहे. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट घातलं की प्रवाळ त्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतात, मागे सोडियम क्लोराइड उरतं. दिवसाला १ डीकेएच घालणाऱ्या टँकमध्ये हे मीठ वर्षाला लिटरमागे सुमारे साडेसात ग्रॅम साठतं. लवणता (हजार भाग पाण्यातलं मीठ, म्हणजे पीपीटी) ३५ वरून ४२ च्या पुढे जाऊ लागते, म्हणून आपण खारं पाणी काढून गोडं पाणी घालतो आणि ती ३५ वर आणतो. आकडा बरोबर दिसतो, पण सल्फेटसारखे आपण न घातलेले घटक वर्षभरात १८ टक्क्यांच्या आसपास कमी झालेले असतात. साध्या टेस्ट किटमध्ये हे दिसत नाही. टू-पार्टच्या ‘बॉलिंग’ नावाच्या प्रकारात सोडियम क्लोराइड नसलेलं मीठ तिसरा भाग म्हणून घालतात ते यासाठीच. काल्कवासर आणि कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये हा प्रश्न येत नाही.

‘पाणी बदलू नका’ म्हणणाऱ्यांची पद्धत खरी आहे, पण ती काम वाचवण्याची पद्धत नाही. आयसीपी चाचणीसाठी (पाण्यातले घटक एकेक करून मोजणारी चाचणी) पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, आयोडीन, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम अशा घटकांची तूट बघून ती भरायची, कथिल किंवा तांबं वाढलेलं दिसलं तर गंजलेला चुंबक किंवा स्क्रू शोधायचा आणि नायट्रेट-फॉस्फेट शेवाळावर काढायचं. हजार लिटरच्या टँकमध्ये हा खटाटोप मिठाच्या तुलनेत परवडतो. २०० लिटरला बहुधा नाही. आमच्या मते मधल्या आकाराच्या मिश्र टँकला आठवड्याला १० टक्के किंवा पंधरवड्याला १५ ते २० टक्के, आणि त्याच्या जोडीला अल्कलिनिटीचं डोसिंग, ही विचारपूर्वक केलेली तडजोड आहे.

टक्के काढताना टँकचं खरं पाणी धरावं. १२० × ६० × ५० सेंटिमीटरचा टँक कागदावर ३६० लिटरचा. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की साधारण ३०० उरतात. त्यात सम्पमधलं (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतलं) पाणी मिळवायचं.

दीर्घ काळात टँक नव्या पाण्यासारखा होत जातो, हे त्या भागाकाराचंच दुसरं रूप. नवं पाणी दर वेळी ३८ लवणतेचं असेल तर एका २० टक्के बदलाने टँक ३५ चा ३५.६ होतो, काही बिघडत नाही. पण तीच चूक दर आठवड्याला झाली तर टँक ३८ कडे सरकत राहतो. म्हणून लवणता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही; ३५ पीपीटीच्या मानक द्रावणावर जुळवावा लागतो. बरेच रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यात दीडेक पीपीटी जास्त दाखवतात. पाणी आरओ-डीआयचं (आरओ फिल्टर आणि मग डीआय रेझिनमधून गाळलेलं), टीडीएस (विरघळलेल्या घटकांचा आकडा) शून्य. मीटरवर १ किंवा २ दिसायला लागलं की डीआय रेझिन बदलायचं, कारण दमलेलं रेझिन सर्वात आधी सिलिकेटसारखे सैल धरलेले घटक सोडतं आणि काचेवर डायटमचा तपकिरी थर येतो.

मिश्रणाचा क्रम महत्त्वाचा. आधी पिंपात सगळं पाणी, त्यात पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू, मग मीठ थोडं थोडं करून. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन खाली बसतं, आणि पाणी स्वच्छ दिसलं तरी अल्कलिनिटी दोन-तीन डीकेएच कमी भरते. लिटरमागे ३६ ते ३९ ग्रॅम मीठ लागतं. नेमका आकडा ब्रँडवर आणि मिठाने ओढलेल्या ओलाव्यावर ठरतो. अर्धी वापरलेली पिशवी हवाबंद ठेवा. बादलीतलं मीठ वापरण्याआधी हलवून एकत्र करा, कारण वाहतुकीत जड आणि बारीक कण वेगळे होतात. मिश्रण किती तास ठेवायचं हे पाकिटावर पाहावं: काही मिठं रात्रभर फिरवलेली चालतात, काहींमध्ये उशीर केला की साका पडतो. ब्रँडनुसार अल्कलिनिटी ७ पासून १२ डीकेएचपर्यंत असते. कमी नायट्रेट-फॉस्फेटच्या एसपीएस टँकमध्ये ८ वरून एकदम वर उडी मारली की अक्रोपोराची टोकं जळतात, म्हणून आपल्या टँकच्या आकड्याजवळचं मीठ निवडावं.

बदलायच्या दिवशी सर्वात आधी ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, बंद. हे विसरलं की पातळी उतरताच तो गोडं पाणी ओतत राहतो. मग हीटर बंद करून दहा मिनिटं थांबायचं. गरम काच उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी आलं की ती तडकते. त्यानंतर रिटर्न पंप आणि स्किमर. सायफन तोंडाने ओढू नका, विशेषतः पालिथोआ आणि झोअँथिड असतील तर: त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते माणसालाही जीवघेणं ठरू शकतं. काढायचंच आहे तर गाळासकट काढा. सम्पचे कोपरे, दगडांच्या मागची सांद, उथळ वाळूचा दर वेळी एक तृतीयांश भाग. दहा सेंटिमीटरहून खोल, वर्षानुवर्षे न हललेली वाळू मात्र उकरू नका. तिच्या खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो. प्रवाळ काही मिनिटं हवेत राहिले तर चालतं, ओहोटीला त्यांना ती सवय असते. स्पंज बाहेर येऊ देऊ नये, त्यांच्या नळ्यांत अडकलेली हवा निघत नाही आणि आतला भाग कुजतो.

नवं पाणी टँकच्या तापमानाच्या एका अंशाच्या आत असावं आणि सम्पमधून पंधरा-वीस मिनिटांत सावकाश जावं. नंतर काही तास स्किमर उतू जाऊ शकतो. कप थोडा वर उचलून ठेवायचा.

हे सगळं डोसिंग पंपाच्या दोन हेडवर सोपवून रोज एक टक्का आपोआप बदलता येतं, आणि ते चांगलं चालतं. धोका एकच, तोही लवकर लक्षात न येणारा. काढणारी नळी आणि भरणारी नळी सारखी झिजत नाही. समजा रोज ३ लिटर बाहेर जातं आणि २.७ लिटरच आत येतं. उरलेले ३०० मिलिलिटर ऑटो टॉप-ऑफ गोड्या पाण्याने भरतो, पातळी एक मिलिमीटरही हलत नाही, आणि लवणता काही महिन्यांत ३५ वरून साडेएकतीसकडे जाऊ लागते. दर महिन्याला दोन्ही हेड मोजपात्रात तपासले की हे टळतं.

पाणी बदलणं थांबवायची वेळही असते. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकल्यावर वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेटचा थर आला, तर नव्या पाण्याने तो बहुधा आणखी जोर धरतो. आधी पोषकद्रव्यं मोजता येतील इतकी वाढू द्यावी. नवा टँक सायकल होत असतानाही (अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढत असतानाही) अमोनिया फार चढल्याशिवाय हात लावू नये, सायकल संपल्यावर एकदाच मोठा बदल पुरतो.

याउलट मोठं अ‍ॅनिमोन वेव्हमेकरमध्ये (लाटा करणाऱ्या पंपात) सापडलं, किंवा तांब्याचं औषध चुकून टँकमध्ये गेलं, तर लवणता आणि तापमान जुळवून त्याच दिवशी अर्धं पाणी बदला, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन सुरू करा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. अर्धं पाणी तीनदा बदललं की विषारी घटक साडेबारा टक्के उरतो. तांबं मात्र फॉस्फेटसारखंच दगडांना धरून बसतं, त्यामुळे त्यानंतरही कोळंबी किंवा गोगलगाय सोडण्यापूर्वी काही आठवडे तांब्याची चाचणी करत राहावी लागते. अशा प्रसंगासाठी निदान अर्धा टँक एकदा बदलता येईल इतकं आरओ-डीआय पाणी आणि मीठ कायम हाताशी हवं.