गिनी पिगचे त्वचासंसर्ग

गिनी पिग (केव्हिया पोर्सेलस) या पाळीव कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्याच्या त्वचेला परजीवी कीटक, कवक आणि जिवाणू यांमुळे होणारे रोग. मूळचा अँडीज पर्वतराजीतला हा प्राणी निसर्गात शिकाऱ्यांचे भक्ष्य असल्यामुळे दुखणे लपवतो. त्वचेवरचा चट्टा मालकाला दिसतो, तोवर आजार बराच मुरलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा केस बोटांनी मागे सारून कातडी पाहावी आणि वजन करावे.

निदानाची सुरुवात एका प्रश्नाने होते: प्राणी खाजवतो आहे का? कानांमागचा उघडा ठिपका जन्मजात असतो, तो रोग नव्हे. प्रौढ मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि खाज नसली, तर बहुधा अंडाशयातील गाठींचा संशय घ्यावा. तेथे मलम लावत बसण्यात वेळ जातो.

खाज प्रचंड असेल तर प्रथम खरजेचा विचार करावा. ट्रिक्साकॅरस केव्हिई हा डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. त्याचे शास्त्रीय वर्णन 1972 मध्ये झाले. मान, खांदे, पाठ व मांड्यांची आतली बाजू येथील केस जातात, कातडी जाड होते, कोंडा व खपल्या धरतात. वेदना इतकी असते की नुसता हात लावला तरी काही प्राण्यांना झटके येतात. हे झटके फेफऱ्याचे समजले जातात आणि मूळ खरूज तशीच राहते. किडे काही प्राण्यांत लक्षणांविना असतात. गाभणपण, गर्दी किंवा दुसरा आजार आला की उफाळून येतात. पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण खोल बसलेला किडा दर वेळी सापडतोच असे नाही. मग लक्षणांवरूनच उपचार सुरू करणे योग्य ठरते.

औषध सामान्यतः आयव्हरमेक्टिन: किलोमागे 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम, कातडीखाली, 7 ते 14 दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, कारण औषधाने अंडी मरत नाहीत. मानेवर टाकायचे सेलामेक्टिनही चालते. येथे घरगुती धाडस जिवावर बेतते. गुरांसाठीच्या 1 टक्का इंजेक्शनच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. 800 ग्रॅमच्या प्राण्याला त्यातला जेमतेम 0.03 मिलिलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी भाग पुरतो. हे मोजमाप पशुवैद्यानेच करावे.

ग्लिरिकोला पोर्सेली ही ऊ केसांत नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा त्रास सौम्य असतो आणि ती माणसाच्या अंगावर टिकत नाही.

गजकर्ण (नायटा) त्या मानाने कमी खाजतो. तो बहुतेक ट्रायकोफायटॉन कवकांमुळे होतो आणि लहान पिलांत अधिक दिसतो. नाकाचा दांडा, डोळ्यांभोवती व कान येथे केस झडून कोंडायुक्त गोल चट्टे पडतात, पुढे ते पाठीवर पसरतात. हा रोग माणसाला लागतो, मुलांना विशेष. मुलाच्या हातावर चट्टा उठल्यावर प्राण्याचा आजार लक्षात येणे नवीन नाही. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली ट्रायकोफायटॉन सहसा चमकत नाही, त्यामुळे चट्टा चमकला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. केस व कोंड्याचे कवकसंवर्धन (नमुन्यातील कवक वाढवून तपासणी) करावे. इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन हे कवकनाशक तोंडाने कित्येक आठवडे द्यावे लागते. केस उगवू लागले म्हणून मध्येच थांबवल्यास रोग परततो. घरात पडलेले गजकर्णाचे मलम चोळू नये: भारतात मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते, त्याने लाली ओसरते पण कवक फोफावते. शिवाय प्राणी ते चाटून पोटात घेतो.

जिवाणूंचे संसर्ग बहुधा जखमेतून येतात. जाळीच्या तळावर राहणाऱ्या, वजनदार प्राण्यांचे तळपाय सुजून व्रण पडतात. त्यांत स्टॅफिलोकोकस ऑरियस आढळतो. मानेखालची पुवाची गाठ बहुधा स्ट्रेप्टोकोकसची असते व ती शस्त्रक्रियेने साफ करावी लागते. येथे सर्वांत मोठा धोका औषधाचाच आहे. तोंडाने दिलेली पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन व क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात आणि क्लोस्ट्रिडियम या घातक जिवाणूच्या विषाने प्राणी काही दिवसांत मरू शकतो. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही तुलनेने सुरक्षित.

उपचारासोबत क जीवनसत्त्व पाहिलेच पाहिजे. माणसाप्रमाणे गिनी पिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही; 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट व फ्रॉलिख या संशोधकांना प्रयोगात स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) घडवता आला तो याच प्राण्यात. किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागते. ताजी ढोबळी मिरची, कोथिंबीर उपयोगी. पाण्यात टाकलेले जीवनसत्त्व लवकर निकामी होते.

सोबतच्या सर्व प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करावेत. अंथरूण रोज बदलावे आणि धुता न येणारी लाकडी घरटी टाकून द्यावीत. नवा प्राणी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, आणि त्याचे काम इतरांचे आटोपल्यावर करून हात धुवावेत.