ओढताना जड, धरताना हलकं

माझा आत्तेभाऊ रोज जिमला जाणारा. दिवाळीत इंदूरला, लोकमान्य नगरच्या आमच्या घरी आला आणि माझं कंपाउंड धनुष्य दिसताच "दे इकडे" म्हणत त्याने दोरी ओढली. अर्ध्यापर्यंत दात-ओठ खाल्ले आणि मग एकदम मागे झोकांडला. ओझं गेलं कुठे, हेच त्याला कळेना.

साधं धनुष्य ओढाल तितकं जड होत जातं. नेम धरायच्या वेळी सगळ्यांत जड. अमेरिकेतल्या मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या, त्यांचा आसही मध्य सोडून. तेच कंपाउंड धनुष्य. १९६९ साली पेटंट मिळालं. आजच्या कप्प्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढली की कॅम फिरतो, एका खाचेतून दोरी सुटते आणि दुसऱ्या खाचेवर केबल, म्हणजे समोरच्या टोकाला बांधलेली दुसरी दोरी, गुंडाळली जाऊन धनुष्याचे बाहू वाकतात. (मैदानावर बाहूंना सगळे 'लिंब' म्हणतात. आई विचारते, कडू का?)

दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही, कडीपाशी एका बोटाने हलतं. कॅम फिरता फिरता दोरीचा जोर कडीपाशी येतो आणि केबलचा बिजागरीपाशी सरकतो. त्यामुळे ६० पौंडांचं, म्हणजे सुमारे २७ किलोचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर, ८० टक्के लेट-ऑफ (शेवटी कमी होणारा भार) असेल तर, हाताला १२ पौंडच लागतं. साडेपाच किलो. लिंब मात्र पुरते वाकलेलेच असतात. साठलेली ऊर्जा कुठेही गेलेली नसते.

म्हणून तर मी ओरडलो, "सोडू नकोस! हळूहळू पुढे ने!" बाण न लावता दोरी सोडली, तर बाणाने न्यायची ऊर्जा लिंब, कॅम आणि केबललाच सोसावी लागते. लिंब तडकतो, केबल तुटते, कधी तुकडा तोंडावर येतो. आल्यागेल्याच्या हाती धनुष्य देऊ नये, हे मी तेव्हाच शिकलो.

शिकाऊ माणूस आधी पौंड विचारतो. माझ्या मते आधी वाव मोजावी. दोन्ही हात पसरून जितके इंच भरतील त्याला अडीचने भागा. ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते अंतर, साधारण तेवढी. साध्या धनुष्यात इंचभर कमी-जास्त चालतं. इथे कॅम ठरल्या जागी अडतो, पुढे भिंतच.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. ५० मीटरवरून पंधरा बाण, आणि दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, पुरीएवढं. साताऱ्याची अदिती स्वामीही तिथेच जगज्जेती झाली, सतराव्या वर्षी.

निघण्याआधी आत्तेभाऊ भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिला. टेप आईने धरली. ७० इंच, म्हणजे ड्रॉ लेंग्थ २८. माझं धनुष्य २७ चं. त्याला इंचभर आखूडच होतं.