वायफाय कार्डाची फाइल आणि डेबियनचा पेच

लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना वर्षानुवर्षं गाडी एकाच ठिकाणी अडायची. भाषा आणि कीबोर्ड निवडून झाला की सूचना यायची: तुमच्या हार्डवेअरला नॉन-फ्री (मुक्त लायसन्स नसलेल्या) फर्मवेअरच्या फाइली लागतात, त्या पेन ड्राइव्हवरून देता येतील. खाली फाइलचं नाव, उदाहरणार्थ ‘आयडब्ल्यूएलवायफाय-६०००जी२ए-५.यूकोड’. ती फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटला जायचं तर आधी तीच फाइल हवी! घरात दुसरा कॉम्प्युटर किंवा लॅनची केबल नसली की नवशिक्याचं काम तिथंच खोळंबायचं.

अशा वेळी बहुतेकदा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) हजर असायचा. पण ड्रायव्हर चालतो लॅपटॉपच्या प्रोसेसरवर, तर फर्मवेअर चालतं कार्डावरच्या चिपमध्ये. अनेक कार्डांत ते कायमचं साठवलेलं नसतं, दर वेळी ड्रायव्हरनं चढवावं लागतं. म्हणजे एक वेगळी फाइल आली, आणि तिच्याबरोबर लायसन्स.

२००३मध्ये इंटेलनं सेंट्रिनो हा लॅपटॉपसाठीचा चिपांचा संच आणल्यावर वायफाय लॅपटॉपमध्येच बसून येऊ लागलं. इंटेलनं लिनक्ससाठी ड्रायव्हर खुला दिला. फर्मवेअर बंदिस्त ठेवलं, तरी वाटायला परवानगी होती. ब्रॉडकॉम या दुसऱ्या चिप कंपनीच्या बाबतीत मात्र कागदपत्रंही नव्हती आणि फर्मवेअर वाटायची मुभाही नव्हती. लोक एनडीआयएसरॅपर वापरून विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचे. दुसरीकडे काही जणांनी चिपचं वागणं बारकाईनं तपासून बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर लिहिला आणि २००६मध्ये तो २.६.१७ कर्नलमध्ये आला. कंपनीची मदत नसताना झालेलं हे काम मला आजही थोर वाटतं. फर्मवेअर मात्र ज्यानं त्यानं कंपनीच्या ड्रायव्हरमधून ‘एफडब्ल्यूकटर’ वापरून कापून घ्यायचं. ब्रॉडकॉमनं स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो २०१०मध्ये, तोही नव्या चिपपुरता.

डेबियनचा पेच तत्त्वाचा होता. १९९७च्या सामाजिक करारानुसार डेबियनमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असंच, असणार होतं. फेब्रुवारी २०११मध्ये आलेल्या डेबियन ६च्या (‘स्क्वीझ’च्या) कर्नलमधून बंदिस्त फर्मवेअर काढून टाकलं. फर्मवेअरसकटच्या इन्स्टॉलेशनच्या फाइली (इमेज) मिळायच्या, पण ‘अनधिकृत’ म्हणून, आणि नवख्याला त्या सहज सापडायच्या नाहीत. तत्त्व योग्यच होतं. त्याची किंमत मात्र ज्याला फर्मवेअर म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशा माणसाकडून वसूल व्हायची, आणि हे मला कधीच पटलं नाही.

ऑक्टोबर २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून करारात दुरुस्ती केली. जून २०२३च्या डेबियन १२पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर असतं. ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा त्याचा स्वतंत्र विभाग आहे. नको असेल त्याला बूट करतानाच ते नाकारता येतं.

जुन्या ब्रॉडकॉमचं दुखणं तेवढं उरलंय. ते फर्मवेअर वाटता येत नसल्यामुळे त्याचं पॅकेज आजही ते इंटरनेटवरूनच उतरवून घेतं. असा लॅपटॉप असेल तर इन्स्टॉलेशनला बसण्याआधी लॅनची केबल हाताशी ठेवा, नाहीतर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा.